पोटातला गोळा खोटा नसतो

तुमचं पत्र, ताईचं उत्तर

प्रश्न : ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा बारावीनंतर एक वर्ष थांबून नीटची तयारी करतोय. घरी बसून पेपर सोडवला की ७२०पैकी ५६०-५७० येतात. क्लासमध्ये रविवारची टेस्ट असली की थेट ४३०. त्या दिवशी सकाळपासून त्याचं पोट दुखतं, हात गार पडतात. दोनदा तर अर्ध्या वाटेतून घरी परत आला. डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. त्याच्या बाबांनी ६००च्या वर गेलास तर बुलेट घेऊन देतो म्हणून कबूल केलंय. दर टेस्टचे मार्क ते कागदावर लिहून फ्रिजला लावतात. त्यांचं म्हणणं एकच, "पोट्टा नाटक करून राहिला." ताई, हाच मुलगा सातवी-आठवीत कढीपत्त्यावरच्या अळ्या श्रीखंडाच्या डब्यात पाळायचा, झाकणाला सुईनं भोकं पाडून. जीवशास्त्राचं पुस्तक हातातून सुटत नसे. आता ते उघडायचंही त्याच्या जिवावर येतं. तो आळशी झाला की खरंच काही दुखतंय?
– एक आई

उत्तर : दुखतंय. आधी हे त्याच्या बाबांना वाचून दाखवा, बाकीचं नंतर.

वॉल्टर कॅनन नावाचे एक अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते क्ष-किरणांखाली मांजराच्या पोटाची हालचाल बघत असत. मांजर शांत असलं की जठर लयीत हलताना दिसायचं. ते घाबरलं किंवा चिडलं की हालचाल थांबायची, आणि पुन्हा शांत झालं की सुरू व्हायची. भीती वाटली की शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करतं, हे कॅनन यांनी पुढे सविस्तर मांडलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते, आणि पोटाकडचं नि हातांच्या कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार पडतात आणि पोटात गोळा येतो. सोनोग्राफीत हे दिसणार नाही, कारण अवयव ठणठणीत आहे. दुखणं त्याच्या कामात आहे. तुमच्या मुलाच्या समोर वाघ नाही, ओएमआर शीट आहे, पण शरीराला तो फरक कळत नाही.

आता घरी ५६० आणि क्लासमध्ये ४३० का? १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्या, एक पांढरी नि एक काळी. उंदरानं पांढरीत शिरायचं, काळीत शिरला की विजेचा हलका झटका. दोन्ही पेट्यांमधला फरक ढळढळीत होता तेव्हा झटका जितका जोरात, तितकं उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केल्यावर मात्र उलटं घडलं. मध्यम झटक्याला ते सगळ्यांत लवकर शिकले, आणि जोराचा झटका दिला की शिकणं मागे पडलं. सोप्या कामाला धाक चालतो, बारकाव्याच्या कामाला तोच धाक आड येतो. नीटचा प्रश्न म्हणजे चार पर्याय, त्यातले दोन जवळजवळ सारखे, आणि चुकलं की एक मार्क वजा. याहून बारीक फरक कुठला असणार? डोक्यात एका वेळी चार गोष्टी धरून ठेवायची जागा मुळातच लहान असते. त्यातली अर्धी "बाबा काय म्हणतील" यानं अडवली, तर गणितासाठी उरलं काय?

म्हणून तो फ्रिजवरचा कागद आज काढा. उद्या नाही, आजच. विचार करा, मे महिन्याच्या उन्हात मुलगा दिवसातून वीस वेळा पाणी प्यायला फ्रिज उघडतो, आणि वीस वेळा त्याच्या डोळ्यांसमोर ४३० येतात. बाबा तो प्रेमानं लावतात, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दर वेळी त्याला तो एक झटकाच बसतो.

बुलेटबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण ही चूक मी माझ्या घरात केली आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर पंचेचाळीस डिग्री, दिवसभर कूलरसमोर. मी तिला म्हटलं, एक गोष्टीचं पुस्तक वाचलं की दहा रुपये. त्या सुट्टीत तिनं एकतीस पुस्तकं वाचली. मी शेजारपाजारच्यांना कौतुकानं सांगत फिरले. जूनमध्ये शाळा उघडली, पैसे बंद झाले. एका दुपारी तिच्या आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं, तर तिनं मान वर न करता विचारलं, "आई, याचे किती?" आधी हीच मुलगी फुकट वाचत होती, जेवताना ताटाशेजारी पुस्तक ठेवून. ते वाचन परत यायला तिला दोन वर्षं लागली.

नंतर समुपदेशनाचा अभ्यास करताना १९७३ सालचा एक प्रयोग माझ्या वाचनात आला आणि मी पुस्तक मिटून बसून राहिले. लेपर, ग्रीन आणि निसबेट या तिघांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली होती, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ पेन हातात धरत होती. न सांगता मिळालेल्यांची आवड जशीच्या तशी होती. बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. ज्याला खेळ म्हणत होतो त्याची मजुरी होते, आणि मजुरी कुणी हौसेनं करत नाही.

तुमच्या मुलाच्या हातात ती अळी होती तेव्हा त्याला कोणी काही देऊ केलं नव्हतं. ती पानं कुरतडताना, कोषात जाताना, आणि एका सकाळी डब्याच्या झाकणाला लटकून ओले पंख वाळवताना त्यानं बघितली असेल. ती ओढ मेलेली नाही, ती बुलेटखाली दबली आहे. बाबांनी बुलेट काढून घेतो असं म्हणू नये, ती शिक्षा होईल. त्यांनी एवढंच म्हणावं, "बुलेटचा आणि मार्कांचा संबंध मी तोडला. तुझं लायसन्स निघालं, घरचं बजेट बसलं, की आपण बघू." आणि टेस्टहून आल्यावर "किती?" न विचारता "आज कोणता प्रश्न भारी होता?" असं विचारून पाहा. पहिले तीन-चार रविवार तो काहीच सांगणार नाही. तरी विचारा.

आता रविवारसाठी. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी दाखवलं, की परीक्षेआधी दहा मिनिटं परीक्षेबद्दलची भीती मोकळेपणानं कागदावर लिहिली, तर जास्त घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारतात. आपल्या नागपूरकरांना हे नवं वाटायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण वर्षभराचं गाऱ्हाणं बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, गळ्यात पाटीवर लिहून लटकवतो, इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत या बाईच्या रूपातल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि सगळा रस्ता ओरडतो, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" ज्याला नाव दिलं, ज्याचा बडगा केला, त्याला गावाबाहेर नेता येतं. तसं त्यानं रविवारी सकाळी वहीच्या मागच्या पानावर लिहावं : मला कशाची भीती वाटते, कोण काय म्हणेल, चुकलं तर काय होईल. शुद्धलेखन नको, कोणाला दाखवायचं नाही, तुम्हीही डोकावायचं नाही. मग पान फाडून टाकावं.

शिवाय घरच्या पलंगावर सोडवलेल्या पेपरची त्याला सवय झाली आहे. आठवड्यातून दोनदा त्यानं अभ्यासिकेत, अनोळखी मुलांमध्ये, घड्याळ लावून पेपर सोडवावा. आधी अर्धा, मग पूर्ण. शनिवारी रात्रीचं जागरण बंद. पोट दुखलं तरी अर्ध्या वाटेतून परत आणू नका. गेटपाशी पाच मिनिटं थांबा, पाणी द्या आणि आत जाऊ द्या. परत आला की भीतीला वाटतं, मी म्हणत होते तेच खरं.

एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगते. तो जेवणं सोडू लागला, रात्र-रात्र जागू लागला, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं एक वाक्य जरी बोलला, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

प्रश्न : मार्चमध्ये निवृत्त झालो, एप्रिलमध्ये मुलीचं लग्न केलं, मे महिन्यात महालातलं जुनं घर सोडून बेसा भागात फ्लॅटमध्ये आलो. सगळं मनासारखं झालं. तरी चिडचिड होते, रात्री तीनला जाग येते. एवढं चांगलं होऊनही मी असा काहून वागून राहिलो?
– एक वाचक

उत्तर : काका, चांगली घटनाही शरीराकडून हिशेब मागते. होम्स आणि राहे या दोघांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून त्यांना गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५, मुलगी-मुलगा घर सोडून जाण्याला २९, घर बदलण्याला २०. त्या यादीत लग्न आणि सुट्टीसुद्धा आहेत, कारण प्रश्न सुखदुःखाचा नाही, नव्यानं जुळवून घेण्याचा आहे. तुम्ही तीन महिन्यांत ऑफिस, लेक आणि गल्ली, तिन्ही सोडलंत. महालातल्या ज्या टपरीवर सकाळी तर्रीपोहे खायचे, तिथं आठवड्यातून दोनदा बसनं जा, जुन्या मंडळींत बसा. या वर्षी आणखी मोठा बदल ओढवून घेऊ नका. आणि एकदा रक्तदाब तपासून मला कळवा.