शाळेची हद्द बदलताना पालकांनी काय मांडावे?

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून अमेरिकेतील एका उपनगरात राहतो. येथील स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) नवी शाळा बांधली असून, हद्दींच्या फेरआखणीच्या कच्च्या नकाशानुसार आमची वसाहत पुढील वर्षी सध्याच्या मिडल स्कूलऐवजी दुसऱ्या शाळेला जोडली जाणार आहे. मुलगी सातवीत आहे आणि धाकटा पाचवीत. घर घेताना शाळा पाहूनच आम्ही जास्त पैसे मोजले होते. शेजारी संतापले आहेत आणि दुसऱ्या शाळेतील मुलांविषयी काहीजण जे बोलतात, ते ऐकवत नाही. जनसुनावणीत आम्ही बोलावे का, आणि बोललो तर काय मांडावे? — एक वाचक

उत्तर : जरूर बोलावे. मात्र आपल्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि शाळामंडळ त्यांपैकी एकीवरच प्रत्यक्ष काही करू शकते, हे आधी ध्यानात घ्यावे.

हद्दी बदलतात त्या प्रामुख्याने पटसंख्येमुळे. एका शाळेच्या आवारात तात्पुरत्या वर्गखोल्या उभ्या कराव्या लागतात आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत वर्ग रिकामे राहतात, अशी स्थिती आली की नकाशा पुन्हा मांडला जातो. डिस्ट्रिक्टचे अधीक्षक प्रस्ताव ठेवतात, पण अंतिम मतदान बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले शाळामंडळ करते. त्यामुळे पहिला नकाशा हा शेवटचा नसतो. तो बदलतो तेव्हा मात्र आवाज किती चढला यापेक्षा पालकांनी दाखवलेली एखादी नेमकी अडचण अधिक कामी येते. उदाहरणार्थ, नव्या रेषेमुळे पायी जाणाऱ्या मुलांना पदपथ नसलेला चौपदरी रस्ता ओलांडावा लागत असेल, तर त्या चौकाचे नाव आणि शाळा भरण्याच्या वेळची वाहतूक सांगावी. बोलायला सहसा दोन-तीन मिनिटेच मिळतात.

घराच्या किमतीची भीती निराधार नाही. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ विदुषींनी बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दरेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची तुलना केली होती. चाचण्यांतील गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घरासाठी सुमारे 2.5 टक्के अधिक मोजतात, असा निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही घराच्या व्यवहारात त्याच शाळेची हमी सहसा मिळालेली नसते, आणि मंडळाने शाळांची आखणी घरांचे भाव सांभाळण्यासाठी करावी, असे म्हणणेही योग्य नव्हे. हा मुद्दा सुनावणीत काढला की बाकीचे रास्त मुद्देही स्वार्थाचे वाटू लागतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजाऱ्यांच्या भाषेविषयी आपल्याला जे खटकले, ते खटकायलाच हवे. त्या देशात शाळांची हद्दरेषा कधीच निव्वळ भूगोलाची बाब नव्हती. मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवून शाळांतील गोऱ्या-काळ्यांचे वर्णविभाजन मोडण्याच्या उपायाला सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये शार्लट शहराच्या खटल्यात मान्यता दिली. पण 1974 मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की उपनगरांतील डिस्ट्रिक्टांचा विभाजनात हात असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना अशा योजनेत ओढता येणार नाही. ‘आमची शाळा आमच्याच मुलांसाठी’ असे कुणी सभेत म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हा इतिहास आठवतो. आपण बाहेरून आलेल्यांनी तर तो माहीत नसताना त्या सुरात सूर मिसळू नये. दुसऱ्या शाळेचे पालकही त्याच सभागृहात बसलेले असतात, कधीकधी मुलांना सोबत घेऊन.

आता आपल्या घरापुरते. मुलगी पुढील वर्षी आठवीत, म्हणजे मिडल स्कूलच्या शेवटच्या वर्षात जाईल. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना जुन्याच शाळेत राहू देण्याची सवलत अनेक डिस्ट्रिक्ट देतात, परंतु पुष्कळदा त्यांना स्कूल बस मिळत नाही. ठरावातील ही ओळ आवर्जून वाचावी. धाकटा सहावीत नव्या शाळेत गेला, तर दोन शाळांच्या दोन वेळा सांभाळाव्या लागतील. तेव्हा भावंडांना एकत्र ठेवण्याची तरतूद आहे का, ती एका वर्षापुरती आहे की पुढेही, हा प्रश्न सुनावणीआधीच ईमेलने विचारावा आणि लेखी उत्तर मिळवावे. सुनावणीतही मुख्य मागणी हीच ठेवावी, कारण अशी सवलत देणे मंडळाच्या हातात असते आणि त्यासाठी साऱ्या रेषा पुसाव्या लागत नाहीत.

सवलत न मिळाल्यास मुलीच्या गणिताकडे आधी पाहावे. काही शाळांत बीजगणित आठवीतच शिकवतात, काहींत नाही. ती त्या वाटेवर असेल तर नव्या शाळेच्या समुपदेशकांना वर्ष संपण्यापूर्वी भेटावे, कारण वेळापत्रके बहुधा वसंत ऋतूतच ठरतात.