बाहेरच्या दगडावर एखादा बोल्डर प्रॉब्लेम (धोंड्यावर दोराशिवाय चढायचा छोटा मार्ग) सुटत नसेल तर मूव्हज कशा शोधायच्या? ज्याने केलाय त्याचाच बीटा, म्हणजे तो कसा चढला ती पद्धत, पाळायची का?

तुम्ही लिहिलंय की क्लायंबिंगच्या जिममध्ये बरं जमतं, पण बाहेर एका प्रॉब्लेमवर महिनाभर अडकलात, आणि सोबतचे म्हणतात, ‘आम्ही केला तसाच कर, ताकद वाढव.’ हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

माझी उंची पाच फूट एक इंच. राहते धुळ्यात. आमच्याकडे हंपीसारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे नाहीत, पण साक्रीच्या बाजूला माळरानातून सरळ भिंतींसारख्या काळ्या टेकड्या गेलेल्या दिसतात. त्या डाइक. जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही कठीण भिंत उभी राहिली. तिच्यातले चिरे आडवे फुटतात, म्हणून खाली पडलेल्या धोंड्यांना सपाट तोंडं आणि धारदार कडा असतात. बहुतेक डाइक पूर्व-पश्चिम आहेत, त्यामुळे उत्तरेकडे पडलेल्या धोंड्याचं उत्तरेचं तोंड हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहतं. खान्देशात ही फार मोठी गोष्ट आहे. दक्षिणेकडचा काळा दगड जानेवारीतसुद्धा दहा वाजता तापतो आणि घामाने बोटं सुटायला लागतात.

अशाच एका धोंड्यावर मी चार रविवार घालवले. उंची बारा फुटांच्या आसपास, तोंड थोडं बाहेर झुकलेलं. कमरेएवढ्या उंचीवर एक आडवी कपार, तिथून दोन्ही हातांनी सुरुवात. मग उजव्या हाताला एक क्रिम्प, म्हणजे बोटांच्या टोकांनी धरायची बारीक पकड, बोटाचं जेमतेम एक पेर बसेल इतका. तिथून डावीकडे दूर धोंड्याच्या कडेला एक खाच, आणि खाच मिळाली की वर चढून उभं राहायचं. आमच्यातले एक दादा, सहा फुटी, दुसऱ्या प्रयत्नात गेले. उजवा क्रिम्प धरला, डावा पाय खाली घासत ठेवला, हात लांबवला, खाच मिळाली. मी तेच करायला गेले तर खाच वीतभर लांब राहायची. म्हणून उडी मारायची. पंधरा-वीस उड्यांनी बोटांची सालं निघायची आणि घरी जायचं. दर रविवारी दादा एकच सांगायचे, ‘पुलअप्स वाढव. मूव्ह हीच आहे.’

मूव्ह ही नव्हती. पाचव्या रविवारी दादा आले नाहीत. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. उजाडायच्या आत पोचलो होतो. अंधारात करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा धरला आणि तोंडावरून हळूहळू फिरवला. समोरून उजेड पडला की सगळा दगड सपाट दिसतो, आडव्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. खाचेच्या खाली, थोडी आतल्या बाजूला, अर्ध्या बोटाची एक कड दिसली. चार रविवार ती तिथेच होती. तिच्यावर चॉकचा, म्हणजे घामासाठी हाताला लावतात त्या पांढऱ्या पावडरीचा, डाग नव्हता, म्हणून आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती. चॉकचे पांढरे डाग पाहून मूव्हज वाचण्याची सवय सगळ्यांनाच लागते. पण ते डाग फक्त आधीच्या माणसाचे हात कुठे गेले एवढंच सांगतात. त्याचे पाय कुठे होते, कंबर कुठे होती, हे दगडावर उरत नाही.

मग मी खालून सुरुवात करणंच सोडलं. मॅट एकावर एक रचून उभी राहिले आणि आधी वरचा भाग केला: खाच, तिथून तळवा दाबून वर उठणं. ते पक्कं झाल्यावर एक मूव्ह खाली आले, मग आणखी एक. असं केलं की थकलेल्या हातांनी अनोळखी जागी पोचायची वेळ येत नाही. त्यातच कळलं की उजव्या क्रिम्पची धार उजवीकडे तोंड करून आहे. मी त्याच्या बरोबर खाली लटकत होते, म्हणून तो निसटायचा. दादा डावीकडे लांबताना आपोआप डावीकडे झुकायचे, आणि त्यांचा क्रिम्प घट्ट बसायचा. त्यांना हे स्वतःलाही माहीत नव्हतं, म्हणून ते मला सांगूच शकत नव्हते. मी डाव्या पायाची टाच सुरुवातीच्या कपारीवर, डाव्या हाताशेजारी चढवली आणि टाचेने ओढलं. कंबर डावीकडे आणि वर आली, क्रिम्प एकदम दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटला. डावा हात सुटा झाला, अर्ध्या बोटाच्या कडेवर क्षणभर टेकला, तिथून खाचेत. त्या दिवशी नवव्या प्रयत्नात मी वर उभी होते आणि भाऊ खाली ओरडत होता.

दादांना व्हिडिओ दाखवला. म्हणाले, ‘छान, पण तू क्रक्स टाळलास.’ क्रक्स म्हणजे सगळ्यात अवघड मूव्ह. त्यांचं हे म्हणणं मला आजही पटत नाही. प्रॉब्लेम म्हणजे सुरुवातीच्या पकडीपासून माथ्यापर्यंतचा दगड. मधली लांब झेप ही त्यांच्या हाताच्या लांबीची मूव्ह आहे, दगडाची नव्हे. 1993 मध्ये लिन हिल या अमेरिकन क्लायंबरने एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरचा ‘द नोज’ हा मार्ग सर्वांत आधी फ्री केला, म्हणजे दोर फक्त पडल्यावर अडवायला, चढाई हातापायांनीच. तिची उंची पाच फूट दोन इंच. तिच्या आधी उंच, ताकदवान पुरुषांनी प्रयत्न केले होते, त्यांना तो मुक्तपणे जमला नव्हता. तिने काही टाळलं असं कुणी म्हणत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बीटा विचारा, पण ‘हात कुठे’ विचारू नका, ‘कंबर कुठे होती आणि कोणता पाय ओढत होता’ ते विचारा. सांगता आलं नाही तर त्यांचा व्हिडिओ काढा आणि फक्त पाय बघा. दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान पाच मिनिटं थांबा. एकाच मूव्हवर तीनदा तसंच पडलात तर चौथ्यांदा काहीतरी बदलाच, निदान एक पाय.

ताकद लागत नाही असं मी म्हणत नाही. पुलअप्स मीही मारते. आणि अगदी नवीन असाल तर आधी शंभर सोपे प्रॉब्लेम दुसऱ्यांचं बघूनच करा, शरीराला शब्द त्यातूनच मिळतात. बारीक क्रिम्पवर उड्या मारत राहू नका, बोटाच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवसापुरतं बंद. टाच अडकवलेली असताना पडलं की माणूस पाठीवर पडतो, तेव्हा मागे धरायला कुणीतरी हवंच. आमच्या मॅट धुळ्यातल्या गादीवाल्याकडून करून घेतल्यात, वर कडक फोम, खाली मऊ. उलट केलं तर घोटा जातो. जागा कुणाच्या शेताला लागून असेल तर विचारून जा. आम्हाला शेळ्या चारणाऱ्या आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘तिकडे जावू नका, मोहळ शे.’ ते विचारल्यामुळे कळलं.

दादा हे वाचणार, कारण लिंक मीच पाठवणार आहे. डिसेंबरात या. खाच वापरा, पण आधी डावा हात त्या अर्ध्या बोटाच्या कडेवर ठेवून, टाचेवर कंबर उचलून दाखवा. तुमची बोटं जाड आहेत, तिच्यावर बसणार नाहीत. तेव्हा मी तुम्हाला क्रक्स टाळलात असं म्हणणार नाही.