"एकतर गप्प बसते, नाहीतर एकदम भडकते": घरच्या आंब्याच्या पेट्यांची एक केस

"मॅडम, मला नाही म्हणता येत नाही आणि ज्या दिवशी म्हणते त्या दिवशी भांडणच होतं, मधलं काही जमतच नाही." समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, बायकांकडून जास्त पण पुरुषांकडूनही, म्हणून म्हटलं या मधल्या वाटेवर, म्हणजे ठामपणे बोलण्यावर, एकदा नीट लिहूया. नुसती थिअरी सांगण्यापेक्षा एक केस सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल अशा बारीकसारीक गोष्टीही बदलल्यात आणि तिला विचारूनच लिहितेय.

तिला वैशाली म्हणू. देवगड तालुक्यातली, चाळिशीच्या आतली, घरची हापूसची कलमं. फवारणी, राखण, काढणी, वाशीच्या दलालाचा हिशोब हे सगळं नवरा बघतो आणि डायरेक्ट गिऱ्हाईकांच्या ऑर्डरी वैशाली बघते, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकण्यापासून आढीतला आंबा निवडून पेटी भरेपर्यंत. सीझनमधे तिला जेवायची शुद्ध नसते.

नणंद डोंबिवलीला. दर एप्रिलला त्यांचा फोन ठरलेला, "अगं वैशाली, पाच पेट्या पाठव, दोन आम्हाला आणि तीन सोसायटीत द्यायच्यात, पैशाचं बघू मग." ते "मग" काही उगवायचं नाही. वैशाली "हो हो वन्स, पाठवते" म्हणायची, फोन ठेवायची आणि दिवसभर भांडी आपटायची. आता एप्रिलची पेटी म्हणजे काय हे कोकणात कुणाला सांगायला नको, सुरुवातीला जो भाव मिळतो तो मे सरता सरता राहत नाही, शेवटचा माल कॅनिंगला किलोवर जातो. वन्सनी मे अखेरीस मागितला असता तर एवढं दुखलंही नसतं, पण त्यांना पहिलाच आंबा हवा असायचा, आणि हिच्या डोक्यात त्या तीन पेट्यांचे आकडे पुढच्या सीझनपर्यंत फिरत राहायचे.

मग एका वर्षी व्हायचं ते झालं. पेट्या पोचल्यावर वन्सचा फोन आला की या वेळी फळ जरा बारीक वाटतंय गं. एवढंच. त्यात टोमणा होता असंही नाही. पण हिच्या तोंडून निघालं, "फुकटचं खाताना फळ बारीक की मोठं बघू नये माणसानं," आणि ते तिथे थांबलं नाही, मागच्या सगळ्या वर्षांचं निघालं, बारशाला काय दिलं आणि लग्नात कुठल्या दर्जाची साडी नेसवली तिथपर्यंत. वन्सनी फोन ठेवला. नवरा दोन दिवस घुम्यासारखा बसून. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या चेडवाक घरचो आंबो पण इकत घेवचो लागतलो काय?" (चेडू म्हणजे मुलगी.)

माझ्याकडे ती आली जुलैत, धो धो पावसात, कारण गणपती जवळ आले होते, वन्स सगळ्या कुटुंबाला घेऊन येणार होत्या आणि हिची झोप उडाली होती. म्हणाली, माझा स्वभावच तापट आहे, राग कमी करायचं काहीतरी सांगा.

मला ते पटलं नाही. राग कमी करायला म्हणून येणारी बरीच माणसं मुळात गप्प बसणारी असतात असं मी बघत आलेय. आपल्याला वाटतं मवाळ माणूस वेगळा नि भांडकुदळ वेगळा, पण एप्रिलमधे "हो हो" म्हणणारी आणि मेमधे साडीपर्यंत पोचणारी बाई एकच की! तिला बोलायला हवं होतं ते एप्रिलच्या त्या पहिल्या फोनवर, पेटीत गवत घालायच्या आधी, जेव्हा राग चमचाभर होता.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वन्स काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"की वैशाली बदलली, पैशाला हपापली."

"बरं, म्हणाल्या. पुढे?"

पुढे तिला काही सुचेना. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमाराला जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली तिच्यात यावरच बोट ठेवलंय. लोकांनी मला चांगलं म्हणावं अशी इच्छा असणं ठीक, पण "म्हटलंच पाहिजे" असा हट्ट धरला की एक साधं वाक्य बोलतानाही जीव टांगणीला लागतो. वैशालीचा हट्ट तोच होता, आणि तो पाळायला वर्षाला तीन पेट्या लागत होत्या.

आता मला या केसमधे सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं सांगते. मी सहज विचारलं, सातबाऱ्यावर वन्सचं नाव आहे का? ती थबकली. म्हणाली, हो, सासरे गेल्यावर वारस म्हणून लागलं, पण त्याचं काय? अगं, त्याचंच तर सगळं आहे! महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच. कोकणात बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतात आणि घरात त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, हे काही नवीन नाही. म्हणजे ज्यांना "फुकटचं" म्हटलं त्यांचा त्या कलमांवर हक्क होता. खतपाणी, मजुरी, रात्रीची राखण हे सगळं वैशालीच्या घरचं, तेही तेवढंच खरं. ठामपणा म्हटलं की लोक नुसतं "नाही म्हणायला शिका" सांगतात, मला ते अर्धवट वाटतं. माझा हक्क कुठपर्यंत आणि समोरच्याचा कुठून सुरू होतो हे आधी बसून बघायला लागतं, नाहीतर आपण ठामपणाच्या नावाखाली नुसते अडून बसतो.

तिने नवऱ्याशी बोलून ठरवलं की दोन पेट्या वन्सच्या हक्काच्या, पैशाचा विषयच नाही, आणि सोसायटीतल्या तीन म्हणजे ऑर्डर, पैसे आधी. नवरा आधी "तूच बोल, मला मधे घेऊ नको" म्हणाला, ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर परत कधीतरी.

मग वाक्य तयार करायला बसलो. पहिल्यांदा तिने लिहून आणलं ते असं, "वन्स, राग मानू नका हां, यंदा थ्रिप्स खूप आले, मोहोर गळला, मजुरीपण वाढली, ट्रान्सपोर्टवाला ऐकत नाही, म्हणून जरा तीन पेट्यांचं कसं करूया..." मी वन्स झाले आणि म्हटलं, "बरं बरं, मग पुढच्या आठवड्यात पाठव." ती हसायलाच लागली. कारणं दिली की समोरचा माणूस कारण सोडवायला घेतो, ट्रान्सपोर्टवाला ऐकत नाही काय, मी बघते म्हणतो, आणि आपण परत तिथेच. शेवटी राहिलं ते एवढं, "वन्स, तुमच्या दोन पेट्या मी उद्या पाठवते, सोसायटीच्या तीन पेट्यांचे पैसे आले की त्या पाठवते." समोरून काहीही आलं तरी हेच, त्याच आवाजात, परत.

पण आंब्याला अजून आठ-नऊ महिने होते आणि गणपती दारात. गणपतीच्या आधी तिने वन्सना फोन करून "फुकटचं" या एका शब्दाबद्दल माफी मागितली. फक्त त्याबद्दल. "पैशांचं आपण सीझनला बोलू" हेही सांगितलं. आणि घरात माणसं आल्यावर, दरवर्षी एकटीने तोंड पाडून करायची ते सोडून, आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर म्हणाली, "ऋषीची भाजी निवडायला उद्या मला दोघी लागतील, वन्स तुम्ही आणि पूजा बसाल का?" दोघी बसल्या. वैशालीला आश्चर्य वाटलं, मला नाही वाटलं, कारण तोपर्यंत तिने कधी मागितलंच नव्हतं.

एप्रिलचा फोन मात्र एवढा गोड झाला नाही. "म्हणजे आता माहेरचा आंबा विकत घ्यायचा?" वाक्य परत. "सोसायटीतल्या लोकांना मी काय तोंड दाखवू?" वाक्य परत. "बघते," म्हणून फोन बंद. वैशाली म्हणाली, पाय लटपटत होते पण आवाज बरा आला. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने 1958 मधे मांडलंय की भीती आणि मोकळं, ठाम बोलणं ही दोन्ही शरीरात एकाच वेळी नीट टिकू शकत नाहीत, म्हणून बोलता बोलता भीती ओसरत जाते. पहिल्या वेळी मात्र पाय लटपटतात, ते लटपटू द्यायचे. दोन पेट्या गेल्या. काही दिवसांनी सोसायटीतल्या दोन पेट्यांचे पैसे जीपेवर आले, तिसरी कॅन्सल. सासूबाई महिनाभर पुटपुटत होत्या.

एक गोष्ट आवर्जून. घरात मारहाण होते, जिवाची भीती वाटते अशा ठिकाणी हे "ठाम बोला" घेऊन एकटीने जाऊ नका, तिथे आधी सुरक्षितता, 181 ही महिला हेल्पलाइन आहे, जवळचं विश्वासाचं माणूस आहे.

बाकी ज्यांचा प्रश्न वैशालीसारखा आहे त्यांनी सुरुवात नणंदेपासून किंवा साहेबांपासून करूच नका. भाजीवालीने टोपलीत घातलेला मऊ टोमॅटो "हा नको, दुसरा द्या" म्हणून बदलून घ्या, रिक्षावाल्याकडून उरलेले दहा रुपये मागा, ग्रुपवर वर्गणीचा आकडा जमणार नसेल तर "मी एवढे देईन" असं एका ओळीत लिहा आणि खाली सतरा स्पष्टीकरणं टाकू नका. ज्याचा फोन वाजला की पोटात गोळा येतो त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लावा.