टेक्सासमध्ये तिकीट मिळालंय, कोर्स करू का?

प्रश्न : ताई, टेक्सासमध्ये स्पीडिंगचं तिकीट मिळालं, पहिल्यांदाच. दंड भरून मोकळी होऊ की तो डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा (सुरक्षितपणे गाडी चालवायला शिकवणारा) कोर्स करू?

उत्तर : अगं, दंड भरायची घाई अजिबात करू नकोस, कारण नुसता दंड भरला की गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं, ते रेकॉर्डवर जातं आणि मग इन्शुरन्सवाले प्रीमियम वाढवू शकतात. तिकिटावरची तारीख उलटायच्या आत कोर्टाकडे कोर्सची परवानगी माग, कोर्स नीट पूर्ण केला की तिकीट रद्द होतं. कोर्स ६ तासांचा, ऑनलाइनही होतो, पण राज्याची मान्यता असलेलाच घे आणि मन लावून कर गं, पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं हे लायसन्स मिळाल्यावर आपण पार विसरून जातो. नंतर सर्टिफिकेट आणि ड्रायव्हिंग रेकॉर्ड (तुझ्या ड्रायव्हिंगची सरकारी नोंद) दोन्ही परवानगी मिळाल्यापासून ९० दिवसांत कोर्टात द्यायचं, इथेच लोक चुकतात, कोर्स झाला म्हणजे संपलं असं वाटतं आणि रेकॉर्ड मागवायचं राहूनच जातं! मागच्या १२ महिन्यांत तिकिटासाठी असाच कोर्स केला असेल किंवा वेग स्पीड लिमिटपेक्षा ताशी २५ मैल किंवा त्याहून जास्त असेल तर ही सवलत नाही. कोर्टाची फी मात्र भरावी लागतेच.