नवं कार्ड नको, खिशातलं कार्ड आधी फेडा

प्रश्न : मी नाशिकला खासगी कंपनीत नोकरीला आहे. वय ३७, हातात पगार ४६,०००. लॉकडाउननंतर पर्सनल लोन थकलं. २०२१ मध्ये १,१०,००० ऐवजी ६०,००० भरून सेटलमेंट केली. आता सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) ६१२ आहे. एक एजंट म्हणतो, ४,९९९ रुपये जॉइनिंग फीचं कार्ड घ्या, कमी स्कोअरवरही मिळतं, तीन महिन्यांत स्कोअर ७५० होईल. लिमिट २५,०००. फॉर्म भरून दिला आहे. दिवाळीत ३८ लाखांचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. माझ्याकडे एक लाख लिमिटचं जुनं कार्ड आहे. त्यावर ८८,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) न चुकता भरतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. दोन लाखांची एफडी आहे. नवं कार्ड घेणं योग्य ठरेल का?

उत्तर : नाही. जीएसटी धरून फी ५,९०० होते आणि ती पहिल्याच बिलात लागते. म्हणजे काहीही विकत न घेता लिमिटचा जवळपास पाव हिस्सा संपला. शिवाय तीन महिन्यांत ७५० ची हमी कुणीच देऊ शकत नाही. ज्याचा स्कोअर आधीच पडलेला आहे, अशा माणसाला फीचं कार्ड विकून वर अशी हमी देणं मला संतापजनक वाटतं.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य वेगळंच आहे : ‘तिथे अडचण नाही.’ अडचण तिथेच आहे.

कार्डाचं व्याज साधारण महिना पावणेचार टक्के असतं. ८८,००० वर ते ३,३०० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६००. एकूण ३,९००. मिनिमम ड्यू बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही ४,४०० भरता. मुद्दलात गेले फक्त ५००. वर्षाला ४५,००० च्या पुढे पैसे जातात आणि कर्ज जागच्या जागी. त्यात हे कार्ड तुम्ही किराणा-पेट्रोललाही वापरत असाल, तर बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दुसरीकडे दोन लाखांच्या एफडीवर सात टक्क्यांनी वर्षाला १४,००० मिळतात, तेही करपात्र. एका हाताने सात टक्क्यांनी पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने ४५ टक्क्यांनी वापरायचे, हा व्यवहार तुम्ही दुसऱ्या कुणाला करू दिला नसता.

मिनिमम ड्यू वेळेवर भरल्यामुळे सिबिलच्या रिपोर्टवर थकबाकीचा शिक्का बसत नाही, एवढंच खरं. पण एक लाखापैकी ८८,००० वापरात आहेत, हे स्कोअर काढताना दिसतंच. हा वापर ३० टक्क्यांच्या आत असलेला बरा. म्हणजे स्कोअर दुरुस्त करायचं कार्ड तुमच्या खिशात आधीपासून आहे, ते फक्त मोकळं करायचं आहे.

याच आठवड्यात एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड हजार-दोन हजार होईल, तो सोसा. ८८,००० आणि बिल निघाल्यानंतर चढलेलं व्याज, सगळं एकदम भरा. कार्ड बंद मात्र करू नका, जुनं खातं चालू राहिलेलं चांगलं. त्यावर महिन्याला १०-१५ हजारांपर्यंत खर्च करा आणि बिल पूर्ण भरा, त्यासाठी बँकेत ऑटो-डेबिट लावा, पण ‘टोटल ड्यू’चं, म्हणजे बिलाच्या पूर्ण रकमेचं. जानेवारी २०२५ पासून बँकांना सिबिलसारख्या कंपन्यांना किमान पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे फेडलेली रक्कम रिपोर्टवर लवकर दिसेल. हातात १,१०,००० उरतील, ती तुमची अडीअडचणीची गंगाजळी. तिला हात लावू नका. (ज्यांच्याकडे एकही कार्ड नाही, त्यांनी एफडीवर मिळणारं बिनफीचं कार्ड घ्यावं. तुम्हाला त्याचीही गरज नाही.)

आता ती सेटलमेंट. रिपोर्टवर ते लोन ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं, दिसत असणार, आणि गृहकर्ज देणारी बँक त्यावर प्रश्न विचारतेच. तेव्हा सोडून दिलेले ५०,००० भरले की लोन पूर्ण फेडलेलं धरू, असं लेखी पत्र जुन्या बँकेकडून मागवा. मिनिमम ड्यूचे वाचलेले ४,४०० दर महिन्याला बाजूला टाका, वर्षात ५३,००० होतात. ते भरून नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्या. नोंद बदलली नाही तर सिबिलकडे तक्रार करा. तीस दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

दिवाळीतला फ्लॅट विसरा, आणि ते केवळ स्कोअरमुळे नाही. ३८ लाखांवर कर्ज फार तर ३० लाख मिळेल. उरलेले आठ लाख आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी मिळून दहा लाखांच्या पुढे पदरचे लागतील. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २७,००० येतो, म्हणजे ४६,००० च्या पगारातला निम्म्याहून जास्त. स्कोअर ८०० असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. बिल्डरला टोकन देऊ नका.

एजंटला आजच लेखी कळवा की अर्ज रद्द करा. तरीही कार्ड घरी आलंच, तर ते सुरू करू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ३० दिवसांत कार्ड सुरू झालं नाही, तर बँकेला ओटीपीने तुमची संमती मागावी लागते. ती दिली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं विनाखर्च बंद करावं लागतं. एजंट तो ओटीपी फोनवर मागेल. देऊ नका.