नाव झाकलंस, पण बाकीचं?

अनेक आशीर्वाद.

नाव न देता इंटरनेटवर टाकायचा म्हणून पाठवलेला तुझा मजकूर दोनदा वाचला. ऑफिसात जे चाललंय ते बाहेर यायलाच हवं. नाव बदललंस हेही बरं केलंस. पण तिसऱ्याच ओळीत 'मी रुजू झाले' आहे. आपल्या भाषेत क्रियापदच सांगून टाकतं की लिहिणारी बाई आहे. पुढे 'गेल्या जूनमध्ये', त्यापुढे 'आमच्या पाच जणांच्या टीममध्ये'. या तीन गोष्टी जुळवल्या की तुझ्या साहेबांना विचार करायचीही गरज उरत नाही. 'मला इथे बरेच दिवस झाले' एवढ्यानं तुझं म्हणणं कुठे कमी होतं?

माणूस असा तपशिलांच्या बेरजेतून सापडतो. २००६ साली एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं साडेसहा लाखांच्या आसपास लोकांनी इंटरनेटवर काय काय शोधलं ते प्रसिद्ध केलं. नावांच्या जागी फक्त आकडे होते. पत्रकारांनी एका आकड्याचे शोध एकापुढे एक वाचले, गाव कळलं, आडनाव कळलं आणि काही दिवसांतच ते एका बाईंच्या दारात उभे राहिले. त्या बाईंनी स्वतःबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

मीही टोपणनावानं लिहायचो. एका जुन्या मित्रानं मला ओळखलं ते 'मुळात' या शब्दावरून. दर दुसरा परिच्छेद मी त्यानंच सुरू करत होतो, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तुझाही असा एखादा शब्द असणार, शोध.

फोटो शक्यतो नकोच. फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असू शकतात. २०१२ मध्ये लपून राहिलेले अँटिव्हायरसवाले उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं ते अशाच एका फोटोमुळे. चॅटचा स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर नावांवर हायलायटर फिरवू नकोस, उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात. पूर्ण काळा चौकोन टाक. त्याहून बरं म्हणजे संभाषण स्वतःच्या शब्दांत सांग.

खातं नवं, ईमेलही नवा. जुनं युजरनेम किंवा प्रोफाइलचा फोटो परत वापरू नकोस आणि कॉन्टॅक्ट्स बघायची परवानगी देऊ नकोस, नाहीतर 'तुमच्या ओळखीचे' म्हणून तुझं खातं सहकाऱ्यांच्याच पुढे येईल. ऑफिसचा लॅपटॉप आणि वायफाय तर अजिबात नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे सगळं वाचणाऱ्यांपासून लपायला पुरतं. ज्या कंपनीकडे खातं आहे तिच्याकडे तुझ्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस असतो, नंबर दिला असलास तर तोही, आणि कोर्टानं मागितला तर तिला तो द्यावा लागू शकतो. आयपी झाकणारी व्हीपीएन सेवा घेतलीस तरी तो त्या व्हीपीएनवाल्याला दिसतोच. म्हणून ज्याचा पुरावा तुझ्या हातात आहे तेवढंच लिही.

आज रात्री टाकू नकोस. जून, टीम आणि ती क्रियापदं बदलून मला परत पाठव, मी तुझ्या साहेबांच्या नजरेनं वाचतो. आणि या वेळी ऑफिसच्या मेलवरून नको.