उपासात स्नायू खरंच झिजतात का?

प्रश्न : वय 58. नवरात्रात नऊ दिवस पाणी, लिंबूपाणी आणि दिवसाला दोन फळं एवढंच घेते. यंदा चार किलो वजन उतरलं, पण जिना चढताना मांड्या भरून येतात. हे स्नायूच झिजले का? (एक वाचक, सातारा)

थोडे झिजले, पण चारही किलो स्नायूंचे नाहीत. स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम आणि यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. तिच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. साठा उतरला की ते पाणीही जातं. शिवाय इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकू लागतात आणि त्यासोबत आणखी पाणी जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा भराभर खाली येतो तो यामुळे. जेवण सुरू झालं की एवढं वजन परत येतं. मांड्या भरून येण्यातही या रिकाम्या साठ्याचा आणि मिठाच्या तुटीचा हात असतो.

उरलेल्यात बरीचशी चरबी आणि काही प्रथिनं. स्नायू स्वतःची गरज मात्र प्रथिनांवर भागवत नाहीत. इन्सुलिन उतरताच चरबीच्या पेशी मेदाम्लं रक्तात सोडतात आणि स्नायू त्यांवर चालतात. अडतं ते मेंदूचं. त्याला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि मेदाम्लांपासून ग्लुकोज बनत नाही. चरबीतल्या ग्लिसरॉलपासून बनतं ते थोडंच. स्नायूंतलं ग्लायकोजेनही ग्लुकोज होऊन रक्तात उतरू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) स्नायूंत नसतं, यकृतात असतं. म्हणून स्नायू प्रथिनं मोडून अमिनो आम्लं पाठवतात, मुख्यतः अ‍ॅलनीन आणि ग्लुटामीनच्या रूपात. यकृत आणि मूत्रपिंडं त्यांचं ग्लुकोज करतात आणि उरलेलं नायट्रोजन लघवीवाटे जातं.

हे नायट्रोजन मोजलं की झीज कळते. काहीही न खाता सुरुवातीच्या दिवसांत ते रोज 10 ते 12 ग्रॅम जातं. त्याला 6.25 ने गुणलं की प्रथिनं येतात : सुमारे 65 ते 75 ग्रॅम. ओल्या स्नायूत प्रथिनं साधारण पाचवा हिस्सा असल्याने हे दिवसाला 300 ग्रॅमच्या वर भरतं. अर्थात सगळी झीज स्नायूंची नसते, यकृत आणि आतडीही आपला वाटा देतात. 1960च्या दशकात बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल व्यक्ती तपासल्या. तोवर मेंदू बराचसा कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर, चालू लागला होता आणि नायट्रोजन रोज 3 ते 4 ग्रॅमवर आलं होतं. पण ही काटकसर सावकाश येते. नऊ दिवसांच्या उपासात नेमका सर्वांत खर्चीक काळ पदरी पडतो, आणि म्हणून पन्नाशीनंतर असा उपास दरवर्षी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. या वयात गेलेला स्नायू तरुणपणीसारखा भरून येत नाही.

उपास करायचाच असेल तर त्याची मांडणी बदला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेम्स गँबल यांनी जीवनरक्षक तराफ्यांवरच्या शिध्याचा अभ्यास केला, त्यात रोज 100 ग्रॅम ग्लुकोजने प्रथिनांची झीज जवळपास निम्म्यावर आली. तुमच्या दोन फळांतून जेमतेम 40-50 ग्रॅम साखर मिळते. 75 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून 65 ग्रॅमच्या आसपास पिष्ट मिळतं, तेव्हा खिचडीला सरसकट नावं ठेवू नयेत. साबुदाण्यात प्रथिनं मात्र नसल्यात जमा. ती दुधादह्यातून घ्या : 400 मिली दूध (13 ग्रॅम), वाटीभर दही (5-6), 100 ग्रॅम पनीर (18), मूठभर दाणे (7). ताकात चिमूटभर शेंदेलोण घाला. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

स्नायूंची ताकद घरीच पाहता येते. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी आहे. जेवण सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी तसंच राहिलं तर तपासून घ्या. आणि पाच दिवसांहून अधिक काळ पोटात फारसं काही गेलं नसेल तर पारण्याला पुरणपोळी नको. एकदम पिष्ट आलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दोन-तीन दिवस पेज, दूध, मऊ मुगाची खिचडी असं थोडं थोडं वाढवा.

प्रश्न : महिन्यातून दोन एकादश्या करतो. त्यानेही स्नायू जातात का? (एक वाचक, पंढरपूर)

निरोगी माणसाला काळजीचं कारण नाही. यकृतातला साठा संपत येईपर्यंत दिवस मावळतो आणि जी थोडी प्रथिनं मोडतात ती पुढच्या एक-दोन दिवसांच्या पुरेशा जेवणात भरून निघतात.

प्रश्न : तीन दिवस जवळपास निराहार राहून चौथ्या दिवशी ग्लुकोज पिऊन साखर तपासली, ती वाढलेली आली. मला मधुमेह नाही. मशीन चुकलं का? (एक वाचक, ठाणे)

बहुधा नाही. उपासात स्नायूंमध्ये पीडीके-4 हे विकर वाढतं आणि ग्लुकोज पूर्ण जाळण्याचा दरवाजा बंद करतं, म्हणजे असेल तेवढं ग्लुकोज मेंदूला उरतं. इन्सुलिनच्या सांगण्यावरून साखर उचलण्याचं सर्वांत मोठं काम स्नायूंचं, आणि तेच नकार देत असताना तुम्ही ग्लुकोज प्यायलात. ही चाचणी करण्याआधी तीन दिवस रोज किमान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. तसं नेहमीचं जेवण घेऊन ती पुन्हा करा, सोबत एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, बघा.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपासाआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. ग्लिमेपिराइडने साखर धोकादायकपणे उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेत असताना साखर फारशी न वाढताही रक्त आम्लयुक्त होऊ शकतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

प्रश्न : उपासाच्या दिवसांत व्यायामशाळा बंद ठेवावी का? (एक वाचक, नाशिक)

बंद नको, हलका ठेवा. स्नायूवर ताण पडत राहिला तर झीज कमी होते. नेहमीच्या निम्म्या वजनाने बैठका, ढकलणं, ओढणं यांचे दोन-दोन संच पुरेत. वेगाने धावणं, दमछाक होईपर्यंतच्या फेऱ्या टाळा : तिथे ग्लायकोजेनच लागतं, चरबी तितक्या वेगाने ऊर्जा देऊ शकत नाही. निर्जळी उपासाला मात्र सुट्टीच घ्या. पायात गोळे आले किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि मीठ घातलेलं ताक प्या.